पेटीतली ऊब

गावाकडे ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना खुडूक कोंबडी माहीत असते. अंग फुगवून, डोळे वटारून ती अंड्यांवर बसते. दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यापुरती उठते, कोणी हात घातला तर टोचते आणि २१ दिवसांनी पिल्लांची रांग घेऊन अंगणात येते. ऊब किती हवी, अंडी कधी फिरवायची, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं.

जपानी लावा हा पाळीव पक्षी ही विद्या जवळजवळ विसरला आहे. त्याची मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. नीट खाणं आणि पुरेसा उजेड मिळाला तर जवळपास रोज एक अंडं देते. पण त्या अंड्यांवर ती सहसा बसत नाही. अंडं घालते आणि पुढे चालू लागते. म्हणजे आज फार्मवर दिसणारा प्रत्येक लावा कुठल्या ना कुठल्या यंत्रातून बाहेर आला आहे. त्याची आईही यंत्रातून आली, आजीही.

यंत्र बंद पडलं तर संपेल अशी ही वंशावळ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ‘सर्व्हर बंद पडला तर?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात कायम असतो. या पक्ष्याच्या बाबतीत तो जिवावरचा प्रश्न आहे. म्हणून मी २४ अंडी आणून घरी उबवायचं ठरवलं आणि त्याच्या जोडीला उबवणी यंत्राचा इतिहास वाचायला घेतला. या दोन्हींत मिळून जे सापडलं ते इथे सांगते.

आधी एक खुलासा. लावा, लाव्हा, बटेर ही नावं आपल्याकडे रानातल्या पक्ष्यालाही आहेत. रानातल्या लाव्याला वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याची अंडी उचलायची नाहीत, घरट्याजवळही जायचं नाही. मी बोलतेय ते फार्मवर वाढवल्या जाणाऱ्या जपानी लाव्याबद्दल. हा पक्षी भारतात १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. पुढे तिथल्याच केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे भारतीय हवामानाला साजेसे वाण तयार केले.

दारुडा आणि राणी

अंड्याला आईची गरज नाही, फक्त ऊब लागते, हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. तिथेच त्याने सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट सांगितली आहे. हा गडी आपल्या चटईखाली अंडी पुरायचा, वर बसायचा आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत पीत राहायचा. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातलं शास्त्र बरोबर आहे. माणसाच्या अंगाची ऊब ३७ अंशांच्या आसपास असते आणि अंड्याला साधारण तेवढीच लागते. अट एकच: जागचं हलायचं नाही.

रोमन लेखक प्लिनीने दुसरी गोष्ट सांगितली आहे. लिव्हिया ही पुढे सम्राट ऑगस्टसची राणी झाली. टायबेरियसच्या वेळी गरोदर असताना मुलगा होणार की मुलगी, याचा कौल लावायला तिने एक अंडं स्वतःच्या छातीशी धरून उबवलं. काही कारणाने ते बाजूला ठेवायची वेळ आली, की ती ते दाईच्या छातीशी द्यायची, म्हणजे ऊब तुटू नये. अंड्यातून कोंबडा निघाला आणि तिला मुलगा झाला. कौलाचं सोडून द्या. मला महत्त्वाची वाटली ती दाई. या कथेत तिला नाव नाही. पण ती नसती तर अंडं पहिल्या दिवशीच थंड पडलं असतं.

पापणीचा थर्मामीटर

हे काम घाऊक प्रमाणात केलं इजिप्तने. तिथे कच्च्या विटांच्या इमारती असत. मधून एक अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत हजारो अंडी पसरलेली, वरच्या खोलीत पेंढा मिसळलेल्या शेणाच्या गोवऱ्यांचा मंद विस्तव. छताला झरोके. गरम झालं की झरोका उघडायचा, गार झालं की बुजवायचा. अंडी हाताने फिरवायची. ठरावीक दिवसांनी विस्तव बंद करायचा, कारण अर्धी वाट चालून झाली की अंड्यातला जीव स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो. हजारो अंडी एकत्र असली की ती एकमेकांना ऊब देतात.

या सगळ्यात थर्मामीटर नव्हता, कारण तो अजून जन्माला यायचा होता. मग कळायचं कसं? भट्टीवाला अंडं उचलून स्वतःच्या पापणीला टेकवायचा. पापणीची कातडी पातळ असते, तिला अर्ध्या-पाऊण अंशाचा फरकही जाणवत असावा. ते अंडं पापणीला जसं लागायला हवं तसं लागलं, की ठीक.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात बर्मा नावाचं एक गाव आहे (आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशाशी त्याचा काही संबंध नाही). अठराव्या शतकात या गावचे लोक भट्टी राखण्यासाठी इजिप्तभर प्रसिद्ध होते. विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेरच्याला सांगायची नाही. हंगाम सुरू झाला की हे लोक गावोगाव जायचे आणि भट्टीतच राहायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ रोमरच्या पुस्तकात त्यांच्या कराराचं वर्णन आहे. जेवढी अंडी ताब्यात दिली, त्याच्या दोन तृतीयांश पिल्लं मालकाला द्यायची. त्याहून जास्त निघाली तर ती भट्टीवाल्याची. आजच्या भाषेत हा सर्व्हिस लेव्हल ॲग्रीमेंटच झाला.

रोमर हा थर्मामीटरवाला माणूस. १७३० साली त्याने आखलेली तापमानाची मोजपट्टी त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याला वाटलं, बर्माच्या लोकांचं गुपित म्हणजे अखेर एक तापमान आहे, आणि तापमान मोजता येतं. मग गुपित राहिलंच कुठे? त्याने पॅरिसमध्ये प्रयोग केले. पिंपं गरम शेणखतात पुरली, बेकरीच्या भट्टीची वाया जाणारी उष्णता वापरून पाहिली आणि १७४९ साली या विषयावर सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केलं. आतून मेंढीचं लोकरीचं कातडं लावलेल्या खोक्यात निघालेली पिल्लं ठेवायची, असा ‘कृत्रिम आई’चा आराखडाही त्याने दिला. आज पोल्ट्रीवाले ज्याला ब्रूडर म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

पुस्तक गाजलं, पण फ्रान्समध्ये इजिप्तसारखा धंदा काही उभा राहिला नाही. रोमरला आकडा सापडला होता. तो आकडा तीन आठवडे, रात्रंदिवस टिकवून धरणारी माणसं पुस्तकातून पाठवता येत नव्हती.

ड्रेबेलची कल्पना

माणसाऐवजी यंत्रानेच तो आकडा टिकवून धरावा, ही कल्पना रोमरच्याही शंभरेक वर्षं आधी एकाला सुचली होती. कोर्नेलिस ड्रेबेल हा डच माणूस लंडनमध्ये राजा पहिला जेम्स याच्या पदरी होता. त्याने एक उबवणी पेटी बनवली. तिच्यात अल्कोहोल भरलेली नळी होती आणि नळीच्या टोकाला पारा. पेटी तापली की अल्कोहोल फुगायचं, पारा ढकलला जायचा, पाऱ्यावरची दांडी वर सरकायची आणि भट्टीचा हवेचा झरोका बंद व्हायचा. हवा कमी, विस्तव मंद. पेटी गार झाली की सगळं उलट.

कॉलेजात आम्हाला कंट्रोल सिस्टिम शिकवताना फीडबॅक लूपचं उदाहरण म्हणून वाफेच्या इंजिनावरचा जेम्स वॅटचा गव्हर्नर दाखवायचे. तो अठराव्या शतकाच्या शेवटचा. ड्रेबेल १६३३ साली वारला, म्हणजे त्याची पेटी दीडशेहून जास्त वर्षं आधीची. स्वतःचं तापमान स्वतः सांभाळणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक अंडी उबवण्यासाठी बनलं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. बर्माच्या माणसाची पापणी आणि झरोक्यावरचा हात, या दोन्ही गोष्टी ड्रेबेलने एका नळीत बसवल्या.

ड्रेबेलने आपली युक्ती छापली नाही. ही पेटी खऱ्या अर्थाने बाजारात यायला एकोणिसावं शतक सरत आलं. कॅलिफोर्नियात पेटालुमा इथे लायमन बाइसने १८७९ साली इनक्यूबेटर बनवला आणि त्यावर ते गाव अंड्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सनने १८८१ साली एक छोटी धातूची डबी वापरली. तिच्यातला द्रव ठरलेल्या तापमानाला उकळायचा, डबी फुगायची आणि दिव्याची उष्णता बाजूला वळायची.

काचेची पेटी

याच सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ तिथल्या प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवणारं यंत्र पाहत होते. त्यांच्या रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं थंडीने दगावत होती. असंच यंत्र आपल्याला करून द्या, असं त्यांनी बागेतल्या ओदिल मार्तांना सांगितलं. १८८० साली पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात ते बसलं: लाकडी पेटी, दुहेरी भिंती, खाली गरम पाण्याची टाकी. तीन वर्षांनी त्यांचे सहकारी ओव्हार यांनी आकडे प्रसिद्ध केले. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधला मृत्यूदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला होता.

इथे वाचता वाचता मी थांबले. मी आठव्या महिन्यात जन्मले. एका तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात अकरा दिवस ‘काचेच्या पेटीत’ होते. आमच्या घरात तिला कोणी इनक्यूबेटर म्हणत नाही, पेटीच म्हणतात. ही पेटी कोंबडीच्या अंड्यांच्या पेटीची लेक आहे, हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत नव्हतं. आजीला फोन करून सांगितलं, तर तिला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

“पेटी होती गं,” ती म्हणाली, “पण लाईट जायची ना. मग नर्सबाई गरम पाण्याच्या पिशव्या भरायच्या नि मी फडक्यात गुंडाळून द्यायची. तुझी आई तर काचेला डोळा लावूनच बसलेली.”

तार्निएंच्या पेटीचीही हीच गोष्ट होती. टाकीत गरम पाणी घालायला, बाळाला नळीने किंवा चमच्याने दूध पाजायला परिचारिका लागायच्या. मृत्यूदर उतरला तो पेटीमुळे आणि पेटीशेजारी रात्रभर जागणाऱ्या या बायकांमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर मार्टिन कूनी याने तर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं जत्रेत तिकीट लावून पेटीतली बाळं दाखवली. ऐकायला विचित्र वाटतं. पण बाळांच्या आईबापांकडून तो पैसे घेत नसे. प्रेक्षकांच्या तिकिटातून परिचारिकांचा आणि औषधपाण्याचा खर्च निघायचा. राखणीला पैसा लागतो, आणि तो कोणीतरी द्यावाच लागतो.

गाणारा लावा

आता पुन्हा लाव्याकडे. जपानमध्ये हा पक्षी आधी गाण्यासाठी पाळला जायचा. एदो काळात लाव्यांच्या आवाजाच्या स्पर्धा भरत, चांगल्या गाणाऱ्या नराला मोठी किंमत येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९१०च्या आसपास, कोणाच्या तरी लक्षात आलं की याची मादी अंडी फार देते. तिथून अंड्यांसाठी निवड सुरू झाली.

निवड म्हणजे काय? जी मादी जास्त अंडी देते तिची पिल्लं ठेवायची. अंड्यांवर बसलेली मादी त्या काळात अंडी देत नाही. म्हणजे बसणारी मादी दर पिढीत मागे पडणार आणि न बसणारी पुढे जाणार. कोणी ठरवून तिची उबवण्याची ओढ मोडली नाही. फक्त अंड्यांचा हिशेब ठेवला. उबवायचं काम यंत्र करणारच होतं, त्यामुळे त्या ओढीची कोणाला उणीव भासली नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. माणसांनाच धान्य नव्हतं, तिथे लाव्यांना कुठून मिळणार? युद्ध संपलं तेव्हा जपानमधले पाळीव लावे जवळजवळ संपले होते. गाणाऱ्या लाव्यांचे वाण नामशेष झाले. उरल्यासुरल्या थोड्या पक्ष्यांपासून पुन्हा पैदास सुरू झाली. आज जगभरच्या फार्मवर जे लावे दिसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं मूळ त्या थोड्याशा पक्ष्यांपर्यंत जातं. कॅलिफोर्नियामार्गे इज्जतनगरला आलेले त्यांतलेच, आणि माझ्या टेबलावरची २४ अंडीही.

सतरा दिवस

माझं यंत्र अगदी साधं. थर्मोकोलचा डबा, बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तापमान ठरलेल्या आकड्यावर ठेवणारं छोटं सर्किट आणि दमटपणा मोजणारा सेन्सर. तापमान ३७.५ अंश. आर्द्रता पहिले दोन आठवडे ५० टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंडी दिवसातून पाच वेळा हलक्या हाताने फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. सेन्सरचे आकडे दर मिनिटाला माझ्या फोनवर येत होते. ड्रेबेलने पाहिलं असतं तर त्याला तत्त्व लगेच कळलं असतं. नवीन होती ती फक्त तार.

अंडी फार्मवाल्या काकांकडून आणली होती आणि पिल्लं त्यांनाच परत द्यायची, हे आधीच ठरलं होतं. फ्लॅटमध्ये लावे पाळणं शक्य नाही आणि योग्यही नाही. मी गमतीने बर्माचा करार लावला: २४ अंडी म्हणजे १६ पिल्लं. काका म्हणाले, “ताई, पहिल्यांदाच करताय. दहा आली तरी लई झालं.”

कोंबडीच्या अंड्यामागे टॉर्च धरला की आतल्या लाल शिरा दिसतात. लाव्याचं अंडं ठिपक्याठिपक्यांचं, जेमतेम दहा-बारा ग्रॅमचं. टॉर्च लावूनही बरंचसं अंधारच दिसतो. त्यामुळे फारसं कळत नाही, वाट पाहावी लागते. नवव्या रात्री लाईट गेली. इनव्हर्टर आमच्याकडे नाही. डब्यावर दुलई टाकली, दोन बाटल्यांत गरम पाणी भरून आत ठेवलं आणि पाऊण तास बाजूला बसून राहिले. वायफाय बंद, त्यामुळे फोनवर आकडा येणंही बंद. आजीने सांगितलेल्या त्या पिशव्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

पंधराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, झाकणही उघडायचं नाही. इंग्रजीत याला ‘लॉकडाऊन’ म्हणतात. झाकण उघडलं की दमटपणा उडतो, कवचाच्या आतला पडदा सुकून कडक होतो आणि पिल्लू त्यात अडकतं. या तीन दिवसांत राखण म्हणजे काही न करणं, आणि ते सगळ्यात अवघड.

आणि तेव्हाच अंडी बोलू लागतात. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात लाव्यांवर याचा अभ्यास केला. बाहेर यायच्या आधी अंड्यातली पिल्लं बारीक टकटक आवाज करतात. शेजारच्या अंड्यांना ते जाणवतात. मागे राहिलेलं पिल्लू ते ऐकून घाई करतं आणि बहुतेक सगळी थोड्याच वेळाच्या अंतराने बाहेर पडतात. रानात याला अर्थ आहे: पिल्लं निघाली की आईला ती घेऊन जागा सोडावी लागते, मागे राहील त्याला कोणी नाही. शंभराहून जास्त वर्षं निवड करून आपण पाळीव मादीची उबवायची ओढ जवळजवळ घालवली, पण पिल्लांचं हे आपापसातलं बोलणं टिकून राहिलं. अंडी एकमेकांना टेकून ठेवावीत, हे मला इथून कळलं.

सतराव्या दिवशी पहाटे पहिलं कवच फुटलं. पिल्लू आतल्या आत गोल फिरत कवच कापतं आणि टोपी उघडल्यासारखं बाहेर येतं. संध्याकाळपर्यंत १२ आली, दुसऱ्या दिवशी ३. एकूण १५. बर्माच्या हिशेबाने एक पिल्लू कमी पडलं.

अंगठ्याच्या पेराएवढी पिल्लं, आणि तासाभरात धावायला लागतात. त्यांच्या पाण्याच्या झाकणात गोट्या टाकाव्या लागतात, नाहीतर तेवढ्या पाण्यातही ती बुडतात. पहिला आठवडा ३५ अंशांच्या वर ऊब लागते. रोमरने मेंढीचं कातडं लावलं होतं, मी बल्ब आणि फडकं.

एवढं पुरत नाही

मार्च १९९० मध्ये सोव्हिएत संघाच्या ‘मीर’ अंतराळस्थानकावर जपानी लाव्याची पिल्लं इनक्यूबेटरमध्ये अंड्याबाहेर आली. पृथ्वीबाहेर पक्षी जन्माला येण्याची ही पहिलीच वेळ. यंत्राने तिथेही चोख काम केलं. पण वजनरहित अवस्थेत पिल्लांना पाय टेकता येईनात, दाण्यापर्यंत पोचता येईना, आणि ती जगली नाहीत. ऊब बरोबर होती, पायाखाली जमीन नव्हती.

चोवीसशे वर्षांत माणसाने अंड्याची ऊब शेणातून विटांत, विटांतून नळीत आणि नळीतून चिपमध्ये नेली. पापणी जे ओळखायची ते आता शे-दोनशे रुपयांचा सेन्सर ओळखतो. हे मोठं काम आहे. त्याच्याशिवाय मी नसते आणि हे लावेही नसते. पण दर टप्प्यावर यंत्राशेजारी कोणीतरी बसलेलं दिसतं: लिव्हियाची दाई, बर्माचा भट्टीवाला, पॅरिसची परिचारिका, काचेला डोळा लावून बसलेली आई. इतिहासात नळी बनवणाऱ्याचं नाव राहिलं, या माणसांची राहिली नाहीत.

ज्या पक्ष्याची उबवायची ओढ आपण काढून घेतली, त्याची राखण आता कायमची आपल्याकडे आली आहे. तुम्ही घरी अंडी उबवायला घेणार असाल तर तापमान, आर्द्रता, सर्किट हे सगळं एका संध्याकाळी शिकता येईल. त्याआधी दोन गोष्टी ठरवा: पुढचे सतरा दिवस घरी कोण असेल, आणि अठराव्या दिवशी पिल्लं कुठे जातील.